दुधाचे दात पडणारच असतात, मग डॉक्टरकडे कधी जावे?

“माझी मुलगी पाच वर्षांची आहे, मोठ्या गटात जाते. दोन महिने झाले, ती उजव्या बाजूने चावत नाही. खालच्या दाढेत घास अडकतो म्हणते. मागच्या आठवड्यात दोनदा रात्री रडत उठली. लवंग ठेवली, थोड्या वेळाने झोपली आणि सकाळी खेळायला लागली. आता दुखत नाही म्हणते. सासूबाई म्हणतात, दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत, लेकराला उगाच त्रास नको. मिस्टर म्हणतात, दिवाळीच्या सुट्टीत बघू. शेजारच्या मुलाच्या दाढेवर चांदीसारखी टोपी बसवली, त्याला बराच खर्च आला, म्हणून मीही गप्प आहे. धाकटा अकरा महिन्यांचा आहे, त्याला चार दात आले आहेत. मुलांना दातांच्या डॉक्टरांकडे नेमके केव्हा न्यायचे असते?”
– एक आई, पंढरपूर तालुका

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते एका वाक्यात मावते. पहिला दात दिसल्यापासून सहा महिन्यांच्या आत, आणि काही कारणाने ते राहून गेले तर निदान पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास, मुलाला एकदा दंतवैद्याकडे न्यावे. म्हणजे धाकट्याची वेळ झालेली आहे आणि थोरलीची चार वर्षांपूर्वीच येऊन गेली. यात तुम्हाला बोल लावण्याचा हेतू नाही; माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांची पहिली भेट दाढ ठणकल्यावरच होते, आणि याबाबतीत शहरातले पालक खेड्यातल्या पालकांपेक्षा फार शहाणे आहेत असे मला आढळलेले नाही. मुलीला मात्र दिवाळीपर्यंत थांबवू नका. तिला याच आठवड्यात दाखवा.

एवढी घाई का, हे तुमच्या पत्रातल्या तीन गोष्टींवरून सांगते. घास अडकणे, एका बाजूने चावणे टाळणे आणि रात्री दुखून जागे होणे, या क्रमानेच तुम्ही ते लिहिले आहे आणि रोगही याच क्रमाने पुढे सरकलेला दिसतो. थंड पाणी किंवा गोड पदार्थ लागल्यावर दाढ झिणझिणते आणि तो पदार्थ गेल्यावर थांबते, तोवर कीड बहुधा दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली नसते आणि कीड साफ करून सिमेंट भरले तर काम भागण्याची शक्यता असते. पण काहीही खाल्लेले नसताना, झोपेत, आपोआप दुखून मूल जागे झाले, तर दाताच्या आतली नस सुजलेली आहे असे आम्ही धरून चालतो. आणि “आता दुखत नाही म्हणते” हे वाक्य वाचून मला हायसे वाटले नाही. सुजलेली नस काही दिवसांनी मरते, आणि मेलेली नस दुखत नाही. मग आतला जंतुसंसर्ग मुळांच्या दिशेने हाडात उतरतो आणि काही आठवड्यांनी दाढेशेजारच्या हिरडीवर एक छोटी पांढुरकी पुळी येते, तीही कधी फुटते, कधी पुन्हा भरते, आणि या सगळ्या काळात मूल खेळत असते, शाळेत जात असते, पोळी मात्र डाव्या बाजूनेच खाते. पाच वर्षांचे मूल “माझी दाढ दुखते” असे फार क्वचित सांगते. ते घास गालात धरून बसते, जेवायला तासभर लावते, पेरू नको म्हणते, दात घासताना एका बाजूला ब्रश लागू देत नाही. त्याला आपण खोडी म्हणतो.

आज संध्याकाळी एक करून पाहा. मुलीला पलंगावर आडवे करा, तिचे डोके तुमच्या मांडीवर घ्या आणि मोबाइलचा टॉर्च लावून तोंडात पाहा. सुळ्याच्या मागे दुधाच्या दोन दाढा असतात, एक लहान आणि तिच्यामागे एक मोठी. या दोन दाढा एकमेकींना जिथे चिकटतात, तिथे ब्रशचे केस पोचत नाहीत, म्हणून मुलांच्या दाढांमधली कीड बहुतेक वेळा तिथेच सुरू होते. वरून पाहिले तर भोक दिसेलच असे नाही. दाढेच्या कडेला आतून राखाडी सावली पडल्यासारखी दिसेल, किंवा ती कड तुटून तिथे खाच पडलेली असेल, आणि घास अडकतो तो त्या खाचेतच. बाजूच्या हिरडीवर बोट फिरवून पुळी लागते का तेही पाहा. मग वरचा ओठ उचलून पुढच्या दातांकडे पाहा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात आहे, आणि या टप्प्यावरची कीड भोक न पाडता थांबवता येते. दुधाच्या दातांची ही तपासणी दर महिन्याला एकदा घरी करावी असे मी प्रत्येक आईवडिलांना सांगते. तिला फार तर दोन मिनिटे लागतात.

आता सासूबाईंचे म्हणणे. ते अगदीच चुकीचे नाही, हे आधी कबूल करू या. दुधाचे वीसही दात पडतात. प्रश्न एवढाच आहे की कोणता दात कधी पडतो. पटाशीचे पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी हलू लागतात आणि आठव्या वर्षापर्यंत बहुतेक सगळे गेलेले असतात, म्हणून घरातल्या मोठ्यांच्या डोळ्यांसमोर तेच असतात. दाढांचा हिशेब वेगळा आहे. दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. तुमची मुलगी पाच वर्षांची आहे. म्हणजे या दाढेवर तिला अजून पाच ते सात वर्षे जेवायचे आहे. साडेदहा वर्षांच्या मुलाची हलणारी दाढ किडली असती तर मीही सासूबाईंच्या बाजूने उभी राहिले असते आणि पडू द्या म्हटले असते.

शिवाय दुधाचा दात मोठ्या माणसाच्या दातासारखा दणकट नसतो. त्याचे वरचे कवच, म्हणजे इनॅमल, कायमच्या दाताच्या तुलनेत पातळ असते आणि आतली नस दाताच्या मानाने मोठी असते, त्यामुळे कीड नसेपर्यंत पोचायला मोठ्या माणसाच्या दातात जेवढा वेळ लागतो, त्याहून खूप कमी वेळ लागतो. “सुट्टीत बघू” हे चाळिशीतल्या माणसाच्या दाढेबाबत एखाद वेळी चालून जाते. पाच वर्षांच्या मुलीच्या दाढेबाबत तेवढ्या काळात भरण्याजोगी दाढ काढण्याजोगी होऊन बसते.

दाढ काढलीच तर काय बिघडते, असे तुम्ही विचाराल. दुधाच्या दाढेखाली हाडात कायमची उपदाढ तयार होत असते आणि तिची जागा ही दुधाची दाढ राखून ठेवते. सहाव्या वर्षाच्या आसपास, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, कायमची पहिली दाढ उगवते. पुढे जागा रिकामी असेल तर एसटीच्या बाकावर मधला माणूस उठल्यावर कडेचा जसा सरकतो, तशी ही दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या उपदाढेला बाहेर यायला वाट उरत नाही. मग दात वेडेवाकडे येतात आणि बाराव्या-तेराव्या वर्षी तारा लावण्याची वेळ येते, ज्यांचा खर्च आजच्या उपचाराच्या कितीतरी पट असतो. दुसरे असे की दुधाच्या दाढेच्या मुळाशी पू दीर्घकाळ राहिला तर खालच्या कायमच्या दाताच्या कवचावर परिणाम होऊ शकतो आणि तो दात डागाळलेला किंवा खडबडीत उगवतो.

दवाखान्यात काय होईल हे ठाऊक असले की भीती निम्मी होते, म्हणून तेही सांगते. आधी त्या दाढेचा एक छोटा एक्स-रे काढतील. त्यातली किरणे अत्यल्प असतात, त्याची धास्ती बाळगू नका. एक्स-रे न काढता दुधाच्या दाढेवर मोठा उपचार करायला निघालेल्या डॉक्टरपेक्षा काढणारा बरा. मुळाखालचे हाड चांगले असेल आणि संसर्ग दाढेच्या वरच्या भागापुरताच असेल, तर नसेचा तेवढाच भाग काढून औषध भरतात आणि मुळांतली नस जिवंत ठेवतात. संसर्ग मुळांत उतरला असेल तर मुळे साफ करून त्यांत एक विरघळणारे औषध भरतात. मोठ्या माणसाच्या रूट कॅनालमध्ये भरतात तो पदार्थ इथे चालत नाही, कारण दुधाच्या दाताची मुळे पुढे आपोआप झिजून विरघळायची असतात आणि भरलेले औषधही त्यांच्याबरोबर विरघळावे लागते. दोन्ही उपचारांनंतर दाढेच्या भिंती कमकुवत झालेल्या असतात, म्हणून वर स्टीलची तयार टोपी बसवतात. शेजारच्या मुलाच्या दाढेवर तुम्ही पाहिली ती हीच. ती दिसायला चांदीसारखी असली तरी चांदीची नसते, आणि दाढ जेव्हा वेळेवर पडेल तेव्हा टोपीसकट पडते. दातांच्या रंगाच्या झिर्कोनियाच्या टोप्याही मिळतात, त्या महाग असतात. मागच्या दाढेला त्यांची गरज आहे असे मला वाटत नाही, आणि पैसे मोजकेच असतील तर ते स्टीलच्या टोपीवर खर्च करावेत. हाड बरेच खराब झाले असेल तर दाढ काढणे हाच योग्य उपाय ठरतो, पण मग रिकाम्या जागेसाठी तारेचा एक साधा जागाराखा बसवायचा का, हा प्रश्न तुम्ही स्वतःहून विचारा. “नस काढून नुसते सिमेंट भरा, टोपी नको” असा आग्रह खर्च वाचवण्यासाठी पालक पुष्कळदा धरतात, आणि वर्षाच्या आत तुटलेली दाढ घेऊन परत येतात.

खर्चाबद्दल तुम्ही संकोचून लिहिले आहे, पण तो विचारण्याचाच विषय आहे. डॉक्टरांना सरळ विचारा की आज काय अत्यावश्यक आहे, काय महिनाभर थांबू शकते आणि काय नाही केले तरी चालेल. सरळ विचारलेल्या प्रश्नाला चांगला डॉक्टर सरळ उत्तर देतो. आधी पंढरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात दंतचिकित्सेची बाह्यरुग्ण सेवा कोणत्या दिवशी असते याची चौकशी करा. सोलापूर, सांगली आणि पुणे येथे खासगी दंत महाविद्यालये आहेत आणि त्यांच्या रुग्णालयांत मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग असतो. तिथे अध्यापकांच्या देखरेखीखाली पदव्युत्तर विद्यार्थी काम करतात, वेळ जास्त लागतो, फेऱ्या जास्त होतात, पण खर्च खासगी दवाखान्यापेक्षा सहसा बराच कमी येतो. शासकीय दंत महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत, मुंबईत महानगरपालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालयही आहे; ती तुम्हाला दूर पडतील, पण हे सदर वाचणाऱ्या इतरांना उपयोगी पडावे म्हणून लिहिले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि शासकीय शाळेत मुलांची तपासणी करायला येते, त्यात दातांची कीडही पाहिली जाते. त्या दिवशी मुलीला घरी ठेवू नका आणि पथकाने चिठ्ठी दिली तर ती दप्तरात विसरू नका. डॉक्टर निवडताना लहान मुलांच्या दातांचे एम.डी.एस. झालेले, म्हणजे पेडोडॉन्टिस्ट, मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर मुलांवर नियमित उपचार करणारे बी.डी.एस. डॉक्टरही ही दाढ नीट हाताळू शकतात.

भेटीच्या आधी पुन्हा दुखले तर पॅरासिटामॉल द्या, पण चमच्याच्या अंदाजाने नव्हे. मुलांचे हे औषध वजनावर, दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, असे देतात, आणि बाजारात पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेली बाटलीही मिळते व २५० मिलिग्रॅम असलेलीही, तेव्हा घरातल्या बाटलीवरचा आकडा वाचून औषधवाल्याकडून मात्रा ठरवून घ्या. दोन मात्रांमध्ये निदान चार ते सहा तास जाऊ द्या. मुलांना ॲस्पिरिन देऊ नका, मागच्या तापातले उरलेले अँटिबायोटिक सुरू करू नका, आणि लवंगेचे तेल कापसावर घेऊन दाढेत दाबू नका. ते हिरडीला आणि गालाला भाजते. अख्खी लवंग ठेवल्याने इजा झाली नाही हे बरे, पण पाच वर्षांच्या मुलीला लवंग तोंडात धरून झोपवणे धोक्याचे आहे, ती श्वासनलिकेत जाऊ शकते. कोणी बाजारात धुरी देऊन दाढेतले किडे काढून दाखवत असेल तर तिकडे पैसे घालवू नका. दातात किडे नसतात. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात पोखरते.

या आठवड्याचीही वाट पाहायची नाही, अशा काही खुणा असतात. गाल किंवा जबड्याखालचा भाग सुजला, सूज डोळ्याकडे चढू लागली, ताप आला, तोंड पुरते उघडेना, लाळ गिळता येईना किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात न्या. सुजेवर बाहेरून गरम शेक देऊ नका.

पडण्याच्या बाबतीत एक फरक लक्षात ठेवा, कारण शाळकरी वयात हा प्रसंग येतोच. पडून दुधाचा दात मुळासकट निघाला तर तो परत बसवायचा नसतो, फक्त दाखवून घ्यायचे असते. पण सात-आठ वर्षांच्या मुलाचा कायमचा दात निघाला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, माती लागली असेल तर क्षणभर धुवावा, मूळ घासू नये, जमल्यास तिथल्या तिथे जागेवर बसवून रुमालावर चावायला सांगावे, न जमल्यास दुधात बुडवून अर्ध्या तासात दंतवैद्याकडे पोचावे. कागदात गुंडाळून वाळलेला दात दुसऱ्या दिवशी आणला तर तो वाचण्याची आशा फारशी उरत नाही.

थोरलीच्या बाबतीत आणखी एक तारीख मनात धरून ठेवा. येत्या वर्षभरात तिची ती कायमची पहिली दाढ उगवेल. कोणताही दात न पडता, सगळ्यांत मागे, गुपचूप येणारी ही दाढ जवळजवळ प्रत्येक घरात दुधाची समजली जाते. उगवताना महिनोन् महिने ती अर्धवट हिरडीखाली असते, तिच्यावरच्या खोल खाचांत अन्न बसते आणि ब्रश तिच्यापर्यंत पोचत नाही. आठव्या वर्षी किडलेली दाढ घेऊन आलेल्या पालकांना “ही आयुष्यभराची दाढ आहे” असे सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो धक्का दिसतो, तो मला अजूनही सवयीचा झालेला नाही. ही दाढ पुरती बाहेर आली की तिच्या खाचा पातळ थराने बुजवून घेता येतात. त्याला सीलंट म्हणतात, त्यासाठी टोचावे लागत नाही, कोरावे लागत नाही. तुमच्या मुलीला आधीच कीड लागलेली असल्यामुळे तिच्यासाठी मी त्याचा आग्रह धरीन. तिला सध्या दर तीन महिन्यांनी दाखवा आणि दातांवर फ्लोराइडचे वार्निश लावून घ्या. कीड आटोक्यात आल्यावर सहा महिन्यांचे अंतर पुरेल. बाकीच्या दातांवर लहान किडी निघाल्या तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचे थेंब लावून त्या जागीच थांबवता येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. त्याने किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे मात्र आधी समजून घ्या, नाहीतर घरी आल्यावर “डॉक्टरांनी दात काळे केले” असा गोंधळ होतो.

ज्यासाठी घाबरून धावत यायची गरज नाही, अशाही गोष्टी आहेत. खालचा पटाशीचा नवा दात जुन्याच्या मागे उगवून दोन रांगा दिसू लागल्या तर जुना दात हलतो का ते पाहा. हलत असेल तर तो बहुतेक वेळा स्वतःच पडतो आणि जीभ नव्या दाताला पुढे ढकलते. दोन महिन्यांत हालचाल दिसली नाही तर दाखवा. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या वरच्या दोन दातांमधली फट सुळे आल्यावर सहसा मिटते. अंगठा चोखणे चार वर्षांपर्यंत चालवून घ्यावे, त्यानंतर सल्ला घ्यावा. तोंड उघडे ठेवून घोरत झोपणाऱ्या मुलाला मात्र आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

धाकट्याकडे वळते. त्याची पहिली भेट फार थोडक्यात आटोपते. डॉक्टर आणि तुम्ही समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसता, बाळाचे पाय तुमच्याकडे आणि डोके डॉक्टरांच्या मांडीवर, आणि काही क्षणांत तपासणी होते. बाळ रडते, आणि रडताना तोंड छान उघडते, त्यामुळे आमची काही तक्रार नसते. त्या भेटीचा खरा उपयोग बोलण्यासाठी असतो. तो रात्री बाटली तोंडात धरून झोपतो का, हे तुम्ही लिहिलेले नाही, पण झोपत असेल तर ती सवय आत्ताच सोडवा. झोपेत लाळ कमी सुटते, साखर घातलेले दूध वरच्या पुढच्या दातांभोवती रात्रभर साचून राहते आणि दीड-दोन वर्षांच्या वयात चारही दात तपकिरी होऊन तुटतात. खालचे दात जिभेच्या आड असल्यामुळे वाचतात, आणि या खुणेवरूनच आम्ही बाटलीची सवय ओळखतो. दुधात साखर नको, चोखणीला मध नको. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध कोणत्याच कारणासाठी देऊ नये. अंगावरचे दूध चालू ठेवा, फक्त रात्रीचे शेवटचे पाजणे झाल्यावर ओल्या स्वच्छ कपड्याने दात पुसून घ्या. दिवसातून दोनदा मऊ ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट लावून तुम्हीच त्याचे दात घासा. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी पेस्ट पुरे, म्हणजे मुलीला तेवढी. पेस्टच्या खोक्यावर फ्लोराइडचे प्रमाण १००० पी.पी.एम.च्या आसपास आहे ना ते वाचा. मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये ते बरेच कमी असते किंवा नसतेच. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या ज्या गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या आईवडिलांनी पेस्ट आणि वार्निशबद्दल आधी डॉक्टरांना विचारावे. मुलीचे दातही सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसानेच घासायचे असतात. ती हौसेने घासते ते घासू द्या आणि मग तुम्ही एकदा हात फिरवा.

आणि दात येताना जुलाब, ताप हे सगळे होतेच, अशी समजूत असेल तर ती बाजूला ठेवा. हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, चिडचिड होते, एवढे खरे. जोराचा ताप किंवा पातळ जुलाब झाले तर बाळाला बालरोगतज्ज्ञांनाच दाखवा, दातांवर ढकलू नका. वरचे दात आधी आले तर मामाला वाईट, हेही तुमच्याकडे कोणी म्हणत असेल. मामाला निश्चिंत राहायला सांगा.

खाण्याबद्दल थोडेच लिहिते, कारण किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले हा हिशेब दातांसाठी अधिक महत्त्वाचा आहे. गोड किंवा पिठूळ चिकट पदार्थ तोंडात गेला की पुढचा अर्धा तास आम्ल दातांवर काम करत राहते. सकाळी चहा-बिस्किट, मधल्या सुट्टीत क्रीमचे बिस्किट, शाळेतून आल्यावर चॉकलेट, मग प्रसादाचे बत्तासे, झोपताना साखरेचे दूध, असा दिवस गेला तर दातांना सावरायला वेळच मिळत नाही. गोड द्यायचे तर जेवणाबरोबर द्या आणि रात्री ब्रश झाल्यावर पाण्याशिवाय काही नको.

राहता राहिला मुलीला नेण्याचा दिवस. सकाळची वेळ घ्या. दुपारी झोपेला आलेले मूल कोणाचेच ऐकत नाही. तिला आदल्या दिवशी एवढेच सांगा की डॉक्टर तुझे दात मोजतील, फोटो काढतील आणि दाढेत अडकणारा घास कसा थांबवायचा ते बघतील. “अजिबात दुखणार नाही” असे वचन देऊ नका, “इंजेक्शन नाही देणार” असेही म्हणू नका, कारण तो शब्द तिच्या मनात नसेल तर तुमच्यामुळे येईल. जेवत नाहीस तर डॉक्टर दात उपटतील, हा धाक घरात कोणी दाखवत असेल तर तो आजपासून बंद करा. ती खुर्चीत रडली तर तिला रागावू नका आणि गोळ्या-चॉकलेटचे आमिषही नको. तुमचा हात तिच्या पायावर राहू द्या आणि बोलण्याचे काम डॉक्टरांवर सोडा. भूल दिली तर ओठ आणि गाल दोन-तीन तास बधिर राहतात आणि गंमत वाटून मुले तोच ओठ चावून रक्तबंबाळ करतात, तेव्हा बधिरपणा उतरेपर्यंत तिच्यावर लक्ष ठेवा आणि तोवर खायला देऊ नका. सासूबाईंनाही बरोबर न्या. एक्स-रे पाहताना त्यांना डॉक्टरांशेजारी उभे करा, म्हणजे दुधाच्या दाढेखाली वाट पाहत असलेली कायमची उपदाढ त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. धाकट्यालाही त्याच फेरीत तपासून घ्या.